ठिपकीचा कौल

गळ्यात दावं अडकवून खुंट्याशी बसलेला सरकारी अधिकारी मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तोही नोकरीच्या पहिल्याच दिवशी. लोणावळ्याच्या जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून माझी नेमणूक झाली होती. दुसरी लढाई अजून लागायची होती. धुतलेलं धोतर, इस्त्रीचा कोट, हातात नेमणुकीचा कागद अशा थाटात मी पुण्याच्या गाडीतून उतरलो. दवाखान्यात चिटपाखरू नव्हतं. शेजारच्या गोठ्यापाशी एक बाई पाटीत शेण भरत होत्या. डॉक्टर कुठं भेटतील म्हणून विचारलं, तर त्यांनी कोपरानंच आत दाखवलं. आत ओळीनं चार खुंटे होते. तीन खुंट्यांना म्हशी बांधलेल्या होत्या आणि चौथ्याला डॉक्टर.

"आधी दार लावा," ते म्हणाले. "आतली हवा बदलते."

मी दार लावून घेतलं आणि अंधारात उभा राहिलो. नाकाला झोंबणारा वास, पायाखाली ओल, आणि समोर मांडी घालून बसलेले हे गृहस्थ. त्यांनी माझं नाव नाही विचारलं, गाव नाही विचारलं. विचारलं काय, तर म्हशीचं नाक जमिनीपासून किती उंच असतं.

"उभ्या म्हशीचं की बसलेल्या?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"चला, टिकाल तुम्ही," ते म्हणाले, आणि दावं सोडायला लागले.

त्यांचं म्हणणं असं की, माणूस गोठ्यात उभ्यानं जातो, उभ्यानं वास घेतो आणि हवा ठीक आहे म्हणून बाहेर येतो. म्हैस मात्र मुतापासून वीतभर अंतरावर नाक ठेवून रात्र काढते. तेव्हा हवा मोजायची तर तिच्या नाकानं मोजायची. "ते ठीक," मी म्हणालो, "पण दावं कशाला?" त्यावर ते माझ्याकडे असे बघायला लागले की मूर्ख मीच. "दावं नसलं की माणूस नकळत सरकतो, अहो. तिला सरकता येत नाही."

गोठा हमीदामावशींचा होता. बाजारातल्या चार घरांना आणि टेकडीवरच्या बंगल्यांना त्या दूध घालायच्या. दवाखान्याच्या मागची डॉक्टरांची खोलीही त्यांचीच. मी बाहेर येऊन कोट झटकत होतो, तेव्हा त्या म्हणाल्या, "आज तुमी नवे म्हणून दचकला. उद्यापासून दचकायचं न्हाई. हे रोजचंच हाय."

मावशींचं सगळं खरं ठरलं, हे एक सोडून. डॉक्टरांच्या हाताखाली मी चार वर्षं काढली आणि आठवड्यातून एकदा तरी हबकलो. माझा स्वभाव मुळातच भित्रा आणि नीटनेटका. मला उष्ट्या भांड्याचाही ताप येतो. आणि हे गृहस्थ गोठ्याची भिंत जिभेनं चाटून क्षार आलाय का ते सांगायचे. कुणी आजारी गाय घेऊन आलं की तिच्याकडे न बघता आधी धन्याची हजेरी घ्यायचे. गोठ्याचं तोंड कुठं, पाणी कुठं मुरतं, धूर कुठून जातो. "गाय आजारी पडत नाही," हे त्यांचं पालुपद, "गोठा आजारी पडतो. गाय फक्त तसं सांगते." तोवर ती बिचारी दारात कण्हत असायची आणि मी औषधाची बाटली घेऊन ताटकळत असायचो.

एकदा मुंबईच्या एका शेठजींच्या बंगल्यावरून बोलावणं आलं. विलायती गाय, फरशीचा गोठा, खिडक्यांना काचा, आणि गाय महिनाभर खोकतेय. डॉक्टरांनी गाय बाहेर काढायला लावली, स्वतः आत गेले आणि शेठजींना म्हणाले, "या, बसा." शेठजी रेशमी कोटात होते. डॉक्टरांनी दार लावलं, काचा लावल्या. मी बाहेर गायीची दोरी धरून उभा. पाच-सात मिनिटांनी शेठजी बाहेर आले ते तोंडाला रुमाल लावून, आणि तसेच गुलाबाच्या वाफ्यावर वाकले. डॉक्टर मागोमाग शांतपणे येऊन म्हणाले, "गाय हेच सांगत होती, महिनाभर." काचा त्याच दिवशी निघाल्या आणि गाय बरी झाली. वर तक्रार गेली ती वेगळीच.

त्यांचं लग्न झालेलं नव्हतं आणि ते का झालं नव्हतं हेही मी डोळ्यांनी पाहिलं. मुलीचे वडील आणि मामा बघायला आले, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना गोठ्याच्या ओट्यावर बसवून चहा दिला आणि बोलता बोलता मामांचे श्वास मोजले. "आपल्या घरात ओल आहे का?" असंही विचारलं. पाहुण्यांनी चहा अर्धाच ठेवला.

पण हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. सरकारदरबारी त्यांच्या नावावर दोन अहवाल आहेत, एकमेकांच्या थेट विरुद्ध. पुण्याच्या मोठ्या साहेबांनी पहिला मान्य केला, दुसरा उघडूनही पाहिला नाही आणि त्यांची बदली दूर दुष्काळी मुलखात करून टाकली. तिथंच ते वारले असं पुढं कुणीतरी सांगितलं. ते दोन अहवाल का झाले, हे माहीत असलेला आता बहुधा मी एकटाच उरलो आहे.

मावळात पावसाळा म्हणजे चार महिने घराबाहेर पाणी आणि घरात धूर. मिरगाआधी लोक गोठ्याचे कूड, म्हणजे कारवीच्या काठ्यांच्या भिंती, शेणमातीनं लिंपून काढायचे आणि बाहेरून गवताच्या झड्या बांधायच्या. वाऱ्याची झुळूक आत येता कामा नये. आत माशा पळवायला धुराची धुमी पेटती असायची. इतकं जपूनही दर साली श्रावणाच्या आत बैल खोकायला लागायचे, वासरं मरायची. बैल गेला की भाताच्या खाचरात चिखलणी कोण करणार? लोक म्हणायचे, गारठ्यानं गेलं, पुढल्या साली आणखी घट्ट लिंपू. पुण्याचे मोठे साहेबही हेच म्हणायचे. एकटे डॉक्टर म्हणायचे, गारठ्यानं नाही, कोंडल्यानं. आढ्याखाली हातभर फट ठेवा, जनावरं जगतील.

"पुरावा?" मोठ्या साहेबांनी लिहून विचारलं. पुरावा मिळाला तर मावळभर हुकूम निघणार होता, न मिळाला तर विषय बंद. एक पावसाळा मुदत.

म्हणून आम्ही भाजे गावाच्या वरच्या अंगाला डोंगरात असलेल्या कोळ्यांच्या वाडीत गेलो. मळवलीला उतरायचं आणि दीड तास चढायचं. वाडीचे म्हातारे पुढारी होते, त्यांना सगळे आबा म्हणायचे. वाडीत दहा घरं. डॉक्टरांनी मारुतीच्या पारावर सगळ्यांना समजावलं की अर्ध्या गोठ्यांना फट पाडायची, अर्धे नेहमीसारखे बंद ठेवायचे आणि काय होतं ते बघायचं. कुणाचा उघडा आणि कुणाचा बंद, ते चिठ्ठ्या टाकून ठरवू.

"चिट्टीवर आमचा इस्वास न्हाई," आबा म्हणाले. "भैरोबाला इचारू."

मला वाटलं, संपलं. पण डॉक्टर खूश झाले. देवाच्या दोन्ही खांद्यांना ओलं फूल चिकटवायचं, उजवं आधी पडलं तर गोठा उघडा, डावं पडलं तर बंद. "यात माझा हात नाही, तुमचाही नाही. याहून चांगलं काय?" असं म्हणून ते देवळात देवापुढं वही उघडून बसले. एकेका घराचा कौल लागला. पाच घरांना बंद गोठा आला. आबांचं घर त्यातच.

मग डॉक्टर म्हणाले, "आता अकरावा कौल लावा. ठिपकीचा."

ठिपकी म्हणजे त्यांची गाय. काळ्यावर पांढरे ठिपके असलेली डांगी कालवड. हमीदामावशींच्या गोठ्यात जन्मली आणि आई लगेच गेली, तेव्हा डॉक्टरांनी तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. ताटातला पहिला घास तिचा. ते पोस्टात गेले की ती मागोमाग जायची आणि ते बाहेर येईपर्यंत पायरीशी उभी राहायची. जगात त्यांना जवळचं म्हणावं असं तेवढंच होतं.

"डॉक्टर, तिला कशाला यात?" मी त्यांना बाजूला घेऊन म्हणालो.

"या लोकांची जनावरं कोंडायला सांगायची आणि माझं मोकळं ठेवायचं? कुठल्या तोंडानं?"

डावं फूल पडलं. त्यांचा चेहरा पांढरा पडलेला मी पाहिला. आबा काहीतरी बोलणार होते, पण डॉक्टर खाली मान घालून लिहायला लागले होते. नंतर बंद गोठा आलेल्या पाचही घरांपुढं त्यांनी हात जोडले. "काही झालं तरी चार महिने उघडू नका. एवढं माझ्यासाठी करा." सरकारी माणसानं हात जोडलेले वाडीनं बहुधा पहिल्यांदाच पाहिले असावेत. बायका तोंडावर पदर घेऊन बघत राहिल्या.

लोणावळ्यात दवाखान्यामागं त्यांनी वाडीच्या गोठ्यासारखाच गोठा बांधून घेतला. तोच कूड, त्याच झड्या, तीच धुमी. ठिपकी आत जायला तयार नव्हती. ते तिच्याशी बोलत बोलत पुढं झाले, तेव्हा गेली.

दर गुरुवारी आम्ही वाडीवर जायचो. पायांना जळवा, छत्रीचा उपयोग शून्य, वाटेतला ओढा एकमेकांना धरून ओलांडायचा. डॉक्टर दहाही गोठ्यांत बसायचे, ताप बघायचे, श्वास मोजायचे. बंद गोठ्यांचे कूड प्रत्येक वेळी ताज्या शेणानं लिंपलेले दिसायचे. डॉक्टर भारावून मला म्हणायचे, "बघा कंपाउंडर, केवढी निष्ठा!" आबा खाली बघायचे. मला वाटायचं, म्हातारा विनयानं बघतोय.

श्रावणात ठिपकी खोकायला लागली. आधी सकाळचं, मग दिवसभर. नाकातून पाणी, अंगात ताप. वाडीतल्या आजारी जनावराला जे औषध दिलं असतं तेच डॉक्टर तिला देत होते, आणि दिवसातून तीनदा वहीत आकडा लिहीत होते. मी तीन दिवस कळ काढली. चौथ्या दिवशी म्हणालो, "कूड फोडू या. तिचा कौल वहीतून काढून टाका. कुणाला कळणार आहे?"

"आणि उद्या आबा हेच म्हणाले तर?" ते म्हणाले. "मग पुण्याला काय दाखवू? मावळातल्या बैलांनी किती वर्षं मरायचं?"

"पण तुम्हाला तर माहीत आहे ना, कोंडल्यानं होतंय म्हणून?"

"मला वाटतं. माहीत व्हायचंय अजून."

हमीदामावशींनी तर दारात उभं राहून आवाजच चढवला. "आईविना वाढवलेलं लेकरू हाय ते! तुमी डॉक्टर हाय का दगड?" डॉक्टर ठिपकीच्या शेजारी दावं अडकवून बसायचे ते तासन्‌तास बाहेर येत नसत. मग तेही खोकायला लागले.

एका दुपारी ते तारघरात गेले असताना मी कोयता घेऊन त्या गोठ्यामागं गेलो होतो. दोन घाव पुरले असते. आतून तिचं धापणं ऐकू येत होतं. मी बराच वेळ उभा राहिलो आणि परत फिरलो. त्यांच्या रागाला भ्यालो, नोकरीला भ्यालो. याची मला अजून लाज वाटते.

मंगळवारी सकाळी ती त्यांच्या मांडीवर मान टाकून गेली. डॉक्टरांनी वेळ लिहिली. मला वाटलं, आता तरी हा माणूस ढसाढसा रडेल. त्यांनी माझ्याकडे सुरी मागितली. मला आधी कळलंच नाही कशाला. जिला त्यांनी बाटलीनं दूध पाजलं होतं, तिला त्यांनी स्वतःच्या हातानं फाडलं, फुप्फुसं बाहेर काढून उजेडात धरली आणि कुठं काय दिसतंय ते मला सांगत गेले. मी लिहीत गेलो. आवाज एकदाही हलला नाही. मी मधेच उठून उलटी करून आलो, तर ते म्हणाले, "डावी बाजू राहिलीय." त्या दिवसापासून हमीदामावशींनी त्यांचं दूध बंद केलं.

पाऊस सरला. दसऱ्याला हिशेब मांडला, तेव्हा उघड्या पाच गोठ्यांतलं एकही जनावर दगावलेलं नव्हतं. आणि बंद पाच गोठ्यांतलंही नव्हतं. मला बरं वाटलं, वाडीचे बैल वाचले. डॉक्टर मात्र वहीकडे बघत नुसते बसून राहिले. फरक नाही. उघडा काय, बंद काय, सारखंच. ठिपकी तेवढी गेली, पण एका गायीवरून काय सिद्ध होतं? एखादं जनावर कशानंही जातं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुण्याला लिहून टाकलं की गोठ्याच्या हवेचा आजाराशी संबंध दिसत नाही, माझा समज चुकीचा होता. मी म्हणालो, थोडे थांबा. ते म्हणाले, आकडे थांबत नाहीत.

टपाल गेल्यावर आम्ही वाडीचे आभार मानायला शेवटचं वर गेलो. भात पिवळं पडायला लागलं होतं. सगळे पारावर जमले. डॉक्टर उभे राहिले.

"मंडळी, चार महिने तुम्ही माझा शब्द पाळलात. उपकार झाले. आता सांगायचं ते इतकंच की मी चुकलो होतो. गोठे खुशाल पहिल्यासारखे बंद ठेवा. फटीनं काही फरक पडत नाही. पुण्यालाही तसं कळवलंय."

सगळे आबांकडे बघायला लागले. आबांची सून रत्नी मागं उभी होती, ती न राहवून म्हणाली, "मामंजी, सांगा की आता! लोकं परत गोठं बुजवतील."

आबा उठले. पागोटं काढून हातात घेतलं. "सायेब, रागावू नगा. बंद व्हते कुटं?"

"म्हणजे?"

"पैल्या पंदरवड्यातच आमचा गोऱ्हा खोकाया लागला. मग मी भैरोबाला परत कौल लावला. देव म्हनला, उघड. तवा आमी पाची घरांनी फटी पाडल्या. तुमी येनार त्या बेस्तरवारी सकाळी तेवढं गवत कोंबून शेन फासायचो."

मी वेड्यासारखा बघत राहिलो. दर गुरुवारची ती निष्ठा, ते ताजं शेण! डॉक्टर मात्र दुसऱ्याच ठिकाणी अडकले होते.

"परत कौल लावला? देवानं एकदा सांगितल्यावर?"

"आवो, एकदा इचारून कोन गप बसतं?" आबा म्हणाले. "देवबी कदीमदी चुकतो की. आमाला वाटलं, तुमीबी तुमच्या गाईचा परत लावला आसंल. कौलाच्या दिशीच सांगनार व्हतो, परत लावा म्हनून, तर तुमी लिवत बसला."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुमी हात जोडलं व्हतं, सायेब. एवड्या मोट्या मानसाचं मन कसं मोडायचं?"

डॉक्टरांनी त्यांचा दंड धरला. "फट पाडल्यावर गोऱ्ह्याचं काय झालं?"

"चार दिसांत उड्या माराया लागला."

आणि डॉक्टर हसले. मी हादरलो. ठिपकी गेल्यापासून त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, आणि आता ते तोंडभर हसत माझे दोन्ही हात धरून हलवत होते. "कंपाउंडर, बरोबर होतं! ऐकलंत? बरोबर होतं!" मग तसेच आबांकडे वळले. "पण आबा, तुम्हाला एवढी खात्री कशी वाटली? तेव्हा तर काहीच सिद्ध झालं नव्हतं."

"खात्री कसली, सायेब? तुमी म्हनला कोंडल्यानं मरत्यात. आमाला पटलं. पटल्यावर मग कोन आपलं जनावर कोंडून ठेवंल?"

माझ्या हातातले त्यांचे हात सैल झाले. ते पाराच्या कडेवर बसले, तेही अर्धे बाहेर; मी धरलं नसतं तर पडले असते.

"म्हणजे सगळ्या वाडीचा माझ्यावर विश्वास होता," ते म्हणाले. "माझाच नव्हता."

आबा शेजारी टेकले आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तेव्हा डॉक्टरांनी एकदाच ठिपकीला हाक मारली, ती जवळ उभी असावी अशी, आणि मग ते सगळ्या वाडीदेखत ओक्साबोक्शी रडले.